पश्चिमेच्या खिडकीसाठी तीन थरांचा पडदा: कापड, माप आणि टाके

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरमध्ये सहाव्या मजल्यावरच्या आपल्या घरात झोपण्याच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, तिची रुंदी ६ फूट आणि उंची साडेचार फूट आहे, आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दुपारी तीननंतर त्या खोलीत बसवत नाही. ‘थर्मल’ म्हणून विकले जाणारे तयार पडदे लावूनही फरक पडला नाही. आता घरच्या साध्या मशीनवर अस्तर आणि मधला थर घालून पडदे शिवावेत का, कापड कोणते आणि किती घ्यावे, आणि असे पडदे दिवाळीच्या आधी धुता येतील का, हे आपल्याला हवे आहे. मी २७ वर्षे पुण्यात पडदे शिवण्याचे काम करते आणि या प्रश्नाचे उत्तर देताना सुरुवात नेहमी उन्हापासून करते, कारण खोली कशामुळे तापते हे नीट कळले की कोणत्या थरावर पैसे खर्च करावेत आणि कोणत्या नाही, हे आपोआप ठरत जाते.

साधी काच ऊन जवळजवळ अडवतच नाही. ते आत येऊन ज्या वस्तूवर पडते ती वस्तू तापते आणि तिची धग खोलीत पसरते; ही धग काचेतून तशीच बाहेर निघून जात नाही. म्हणून काचेच्या आत गडद रंगाचा पडदा लावला की ऊन फरशीऐवजी पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि स्वतःच खोली तापवू लागतो. पडद्याची पाठ पांढरी असेल तर बराचसा प्रकाश धग होण्यापूर्वीच काचेतून परत बाहेर जातो. अस्तर पांढरे किंवा अगदी फिकट असावे असा माझा आग्रह असतो तो यासाठी. पाठ पांढरी असल्यावर खोलीच्या बाजूचे कापड कोणत्याही रंगाचे चालते, अगदी काळेशार सुद्धा.

दुसरी गोष्ट हवेची. काच आणि पडदा यांच्या मधली हवा तापते, वर चढते, पडद्याच्या वरच्या कडेवरून खोलीत सांडते, आणि तिच्या जागी खालून खोलीतली थंड हवा आत ओढली जाते. ही फेरी दुपारभर चालू राहते. आपले तयार पडदे इथेच कमी पडले असणार, कारण त्या पडद्यांना बहुधा आयलेटच्या रिंगा असतात, दांडी त्या रिंगांतून ओवलेली असते, आणि दांडीच्या वर दोन-तीन इंच मोकळी जागा राहते. कापडाच्या पाठीवरच्या लेपाने उजेड अडतो, पण वरची वाट उघडी राहिल्यामुळे गरम हवा खोलीत येतच राहते. खात्री करून घ्यायची असेल तर दुपारी चारच्या सुमारास पंखा बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि ती कापडापासून फूटभर लांब ठेवून प्रथम पडद्याच्या खालच्या कडेशी, मग स्टुलावर चढून वरच्या कडेशी धरा. खाली धूर पडद्याकडे ओढला जाईल आणि वर तो खोलीच्या दिशेने ढकलला जाईल. मी गिऱ्हाइकांकडे माप घ्यायला जाते तेव्हा हे पुष्कळदा करून दाखवते, आणि त्यानंतर पेल्मेट, म्हणजे पडद्याच्या वरची बंद फळी-पट्टी, कशाला हवे, असे सहसा कोणी विचारत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे आधीच सांगते. ऊन काचेच्या बाहेर अडवले तर जितका उपयोग होतो तितका आतल्या कोणत्याही पडद्याचा होत नाही. खिडकीबाहेर बाल्कनी असेल आणि सोसायटीची हरकत नसेल, तर तिथे बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, सोडा आणि आत एका अस्तराचा साधा पडदा लावा, तेवढे पुरेल. पुढे लिहिलेला सगळा खटाटोप बाहेर काही लावता येत नाही असे धरून लिहिलेला आहे. तसेच घरातल्या सगळ्याच खिडक्यांना असे पडदे करू नयेत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य पुण्यात डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे पुष्कळ कलतो आणि त्याच खिडकीतून हवेहवेसे ऊन आत येते. तिथे साधा पडदा लावावा आणि थंडीच्या दिवसांत तो सकाळीच बाजूला सारावा. आपला सगळा खर्च पश्चिमेच्या खिडकीवर झाला पाहिजे.

मधल्या थराचे काम स्थिर हवा धरून ठेवण्याचे. आपल्याकडच्या गोधडीत हेच होते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्यांच्या मध्ये हवा कोंडलेली असते आणि ऊब त्या हवेची असते. फरक इतकाच की, गोधडीत जवळजवळ धावदोरा घालून थर एकमेकांना घट्ट बांधतात, तसे पडद्यात केले तर पडदा फळकुटासारखा ताठ होतो, त्याला चुण्या पडत नाहीत आणि मधली हवाही दाबली जाते. पडद्याचे तिन्ही थर एकमेकांना सैल टाक्यांनी, लांब लांब अंतरावर धरलेले असावे लागतात, आणि शिवणाऱ्याचे कसब पाहायचे ते त्या टाक्यांत.

कापडाचे बोलू. मधल्या थरासाठी परदेशात खास जाड सुती कापड मिळते. आपल्याकडे सुती फलालीन उत्तम काम देते. ती दोन्ही बाजूंनी लव असलेली, मऊ आणि बिनरंगाची घ्यावी. रजईत घालतात ते पॉलिस्टरचे पातळ वॅडिंग काही जण वापरतात. ते स्वस्त आणि हलके असते, पण दोन-तीन वर्षांत त्याचे गोळे होऊन ते खाली सरकते, म्हणून मी ते वापरत नाही. अस्तरासाठी घट्ट विणीचे पांढरे सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापड घ्या. मांजरपाट चालतो, स्वस्तही पडतो, मात्र तो धुतल्यावर बराच आटतो. ब्लॅकआऊटचे लेप दिलेले अस्तर हवे असेल तर पाठ पांढरी असलेलेच घ्या, लेपाच्या बाजूवर इस्त्री फिरवू नका, आणि शिवताना त्याला टाचण्या लावू नका, कारण प्रत्येक भोकातून नंतर उजेडाचा ठिपका दिसतो. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा. पश्चिमेच्या उन्हात असा लेप काही वर्षांनी सुटू लागतो. आपल्याला दुपारी पूर्ण काळोख नको असेल तर साधे पांढरे अस्तर आणि फलालीन मला जास्त आवडते, कारण फलालीन मध्ये आली की उजेडही पुष्कळच मंदावतो.

दर्शनी कापड मध्यम वजनाचे, शक्यतो सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र असावे. रेशीम उन्हात कुजते. आईची किंवा आजीची रेशमी साडी पडद्यात वापरावी अशी इच्छा घेऊन दर दिवाळीच्या आधी दोन-तीन जणी माझ्याकडे येतात. अस्तर घातल्यानंतरही पश्चिमेच्या खिडकीला मी ती साडी लावू देत नाही; तिचा दोन खोल्यांमधल्या दाराचा पडदा करून देते. सुती इरकल मात्र चांगली टिकते आणि नऊवारीतून लांबीही भरपूर मिळते. दर्शनी कापड रविवार पेठेतल्या कापडगंजात किंवा लक्ष्मी रस्त्यावर उजेडात नेऊन पाहा, हूक आणि बकरम (पडद्याच्या वरच्या घडीत घालायची ताठ पट्टी) तुळशीबागेच्या आसपास मिळेल, आणि दांडी-ब्रॅकेटसाठी बोहरी आळीत जा.

शिवायला घेण्यापूर्वी तिन्ही कापडे आटवून घ्या. ही पायरी मी स्वतः एकदा वगळली होती, त्याची गोष्ट सांगते. कामाला लागून मला दोनच वर्षे झाली होती. एका बंगल्यातल्या चार खिडक्यांचे पडदे मी मांजरपाटाचे कोरे अस्तर घालून शिवले. ते टांगल्यावर इतके सुरेख दिसत होते की त्या घरच्या काकूंनी शेजारणींना बोलावून दाखवले. पहिल्या धुण्यानंतर अस्तर आटले, दर्शनी कापड आटले नाही, आणि प्रत्येक पडद्याच्या कडा आत ओढल्या जाऊन खालची बाजू नावेसारखी वर उचलली गेली. आठही पडदे उसवून मी नवे अस्तर स्वखर्चाने लावून दिले. तेव्हापासून दुकानदाराने कापड आटवलेले आहे असे सांगितले तरी मी प्रत्येक कापडाचा ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजते. ५० चे साडेसत्तेचाळीस झाले तर ते कापड पाच टक्के आटते, आणि ९० इंचांच्या पडद्यात त्याचा अर्थ साडेचार इंच इतका होतो. लेप दिलेले अस्तर आणि पूर्ण पॉलिस्टरचे कापड भिजवण्याची गरज नसते. फलालीन आणि मांजरपाट रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता, आडव्या दोरीवर पसरून वाळवावा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करावी.

आता माप. दांडी किंवा ट्रॅक खिडकीच्या दोन्ही बाजूंना ८-८ इंच जास्त आणि खिडकीच्या वर ६ इंच घ्या. आपल्या खिडकीची रुंदी ७२ इंच, म्हणजे ट्रॅक ८८ इंचांचा झाला. दोन पडद्यांपैकी प्रत्येकाने ४४ इंच झाकायचे. त्याशिवाय मध्ये एकमेकांवर चढण्यासाठी ३ इंच आणि बाहेरच्या बाजूने वळून भिंतीला टेकण्यासाठी ४ इंच हवेत. हे वळण पुष्कळजण सोडून देतात आणि तिथून ऊन व गरम हवा दोन्ही आत येतात. पडदा खिडकीपुरता न ठेवता जमिनीपर्यंत आणावा. खिडकीचा कट्टा जमिनीपासून अडीच फुटांवर आहे असे धरले तर ट्रॅकपासून फरशीपर्यंत ९० इंच होतात. नियमाने पडदा फरशीला टेकलेला हवा, पण आपल्या घरांत रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि टेकलेल्या पडद्याची कडा महिन्याभरात काळवंडते, म्हणून मी अर्धा इंच वर ठेवते. तयार लांबी साडेएकोणनव्वद इंच.

चुण्यांसाठी दुप्पट कापड पुरे. तीन थरांच्या पडद्याला त्याहून जास्त कापड दिले तर तो बाजूला सारल्यावर अर्धी खिडकी अडवून बसतो. ४८ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडाचे दोन पन्हे (पूर्ण रुंदीचे तुकडे) जोडले की ९६ इंच होतात. त्यातून जोडाचा १ इंच आणि दोन्ही बाजूंच्या २-२ इंचांच्या दुमडी वजा केल्या की ९१ इंच सपाट रुंदी उरते. प्रत्येक पन्ह्याची लांबी काढताना साडेएकोणनव्वद इंचांत खालच्या दुहेरी दुमडीचे ८ इंच आणि वरच्या घडीचे साडेचार इंच मिळवा. बेरीज १०२ इंच, म्हणजे २.६ मीटर. दोन पडद्यांचे चार पन्हे, एकूण १०.४ मीटर, कापड आटणारे असेल तर ११ मीटर घ्या. कापडावर मोठी नक्षी असेल तर हा हिशेब बदलतो, कारण प्रत्येक पन्हा नक्षीच्या एकाच जागेपासून कापावा लागतो. नक्षी दर २४ इंचांनी परत येत असेल तर १०२ इंचांत ती सव्वाचार वेळा येते, म्हणून पाच आवर्तनांचे १२० इंच धरावे लागतात आणि एकूण कापड १२.२ मीटरवर जाते. पहिल्यांदाच शिवत असाल तर एकरंगी कापड घ्या, असे मी मनापासून सुचवीन.

अस्तराला प्रत्येक पन्ह्यामागे ९३ इंच लागतात, आटण धरून एकूण १० मीटर. फलालीन तयार मापाइतकीच कापायची असते, तिला दुमड नसते. ४८ चा पन्हा मिळाला तर १० मीटर पुरते. तिचा पन्हा पुष्कळदा ३६ इंचच असतो. तसे असल्यास प्रत्येक पडद्याला तीन पन्हे, म्हणजे चौदा-साडेचौदा मीटर घ्यावी लागेल.

कापताना पन्ह्याच्या सुरुवातीला एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कात्री चालवा. दुकानातली फाडलेली कड सरळ असेलच असे नाही. मखमल घेतली असेल तर सगळ्या पन्ह्यांची लव खालच्या दिशेने जाईल असे पाहा. किनारीचा घट्ट काठ कापून टाका किंवा त्याला दर चार इंचांवर लहान चीर द्या, नाहीतर जोडाची शिवण ओढल्यासारखी दिसते. मशीनला १६ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि नेहमीपेक्षा लांब टीप ठेवा. सुती दोरा उन्हात लवकर विरतो. फलालीनचे पन्हे जोडताना साधी शिवण घालू नका, कारण तिचा उंचवटा बाहेरून दिसतो. एकावर एक अर्धा इंच चढवून त्यावर नागमोडी किंवा दोन सरळ टिपा मारा.

मशीनचे काम एवढ्यावर जवळजवळ संपते आणि हाताचे सुरू होते. मोठे टेबल नसेल तर फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर स्वच्छ चादर अंथरून तिथे काम करा. दर्शनी कापड उलटे पसरा, हाताने सगळ्या सुरकुत्या बाहेरच्या बाजूला सारा, आणि त्यावर फलालीन अशी ठेवा की चारही बाजूंनी ठरलेल्या दुमडी मोकळ्या राहतील. आता फलालीन उभ्या रेषेत अर्ध्यावर परत दुमडा. त्या घडीच्या रेषेवर, खालच्या दुमडीच्या थोडे वरून सुरुवात करून, दोन्ही कापडे एकमेकांना धरायची आहेत. सुईने फलालीनच्या घडीतून थोडा भाग घ्यायचा आणि दर्शनी कापडाचा फक्त एक, फार तर दोन धागे उचलायचे. उलट्या बाजूने सुई आत गेली की बोटाला कापडाखाली तिचे टोक जाणवता कामा नये. दोरा सुईभोवती फिरवून पुढचा टाका चार-पाच बोटे सोडून घ्या, आणि दोरा ओढू नका. दोन टाक्यांच्या मध्ये तो किंचित सैल, कमानीसारखा पडलेला दिसला पाहिजे. या टाक्याला आम्ही कामाच्या ठिकाणी नुसते ‘लॉक’ म्हणतो. नवी मुलगी शिकायला आली की पहिला आठवडा ती दोरा घट्टच ओढते, कारण ब्लाऊज-परकराच्या शिवणाने हाताला तसे वळण लागलेले असते. घट्ट ओढलेल्या प्रत्येक टाक्याची खळी पडदा टांगल्यावर समोरून दिसते. अशी एक उभी ओळ दर १५-१६ इंचांवर घाला. ९१ इंचांच्या पडद्यात पाच ओळी येतील. घाई करू नका, या पाच ओळींना अर्धा दिवस लागला तरी तो सार्थकी लागतो.

मग दोन्ही बाजूंच्या २ इंचांच्या दुमडी फलालीनवर वळवून लांब तिरक्या टाक्यांनी फक्त फलालीनला धरा. खालची ४ इंचांची दुहेरी दुमड घाला आणि कोपऱ्यांत जादा कापड तिरके दुमडून सपाट करा. कोपऱ्यांत आणि जोडाच्या तळाशी वजन लागते. पूर्वी नाणी घालत. साध्या लोखंडी वॉशरचा गंज धुण्यात बाहेर येतो, म्हणून स्टेनलेस स्टीलचे वॉशर घ्या, ते उरलेल्या अस्तराच्या लहान पिशवीत शिवा आणि ती पिशवी दुमडीच्या आत टाचा.

अस्तराची खालची दुमड मशीनवर आधीच घालून घ्या. अस्तर फलालीनवर सुलटे पसरा, त्याचा तळ पडद्याच्या तळापेक्षा एक इंच वर राहू द्या, आणि आधीच्याच ओळींवर पुन्हा तसेच सैल लॉक घालून ते फलालीनला धरा. बाजूंना अस्तर दीड इंच आत दुमडून बारीक हातशिलाईने कडेच्या दुमडीला जोडा. अस्तराचा तळ जोडू नका, तो मोकळाच राहू द्या. दमट दिवसांत कापडे कमी-जास्त ताणली जातात आणि तळ बंद असेल तर तिथे झोळी तयार होते.

वरच्या बाजूला ४ इंची बकरम फलालीनवर ठेवून दर्शनी कापडाची घडी त्यावर घाला आणि अस्तराने ती झाका. आता चुण्यांचा हिशेब. सपाट रुंदी ९१ इंच, तयार रुंदी ३ अधिक ४४ अधिक ४, म्हणजे ५१ इंच. उरलेल्या ४० इंचांच्या आठ चुण्या, प्रत्येकी ५ इंचांच्या. मधल्या कडेपासून ३ इंच सपाट सोडून पहिली चुणी, बाहेरच्या कडेला ४ इंच सोडून शेवटची, आणि दोन चुण्यांमध्ये सव्वासहा इंच. पाच इंचांची प्रत्येक चुणी तीन लहान घड्यांत विभागून बकरमच्या तळाशी हाताने पक्की करा. इतके थर सुईखाली नेले तर घरचे मशीन अडखळते आणि सुई मोडते.

दर्शनी कापड चौरस मीटरला २५० ग्रॅम, फलालीन १८० आणि अस्तर १३० असेल तर ही जोडी साडेसहा किलोंच्या आसपास भरते. तयार पडद्यांबरोबर मिळणारी पोकळ, दोन टोकांना टेकवलेली दांडी एवढे वजन पेलत नाही. मधोमध आधार असलेला मजबूत ट्रॅक किंवा एक इंची स्टीलची दांडी आणि तीन ब्रॅकेट घ्या. खिडकीवर काँक्रीटची तुळई असेल तर हॅमर ड्रिल लागेल. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्याच भिंतीसाठी बनवलेले लांब प्लग वापरा, साधे प्लग काही महिन्यांत सैल होतात. ट्रॅकच्या वर पाच इंच खोलीची प्लायवूडची फळी भिंतीला घट्ट टेकवून बसवा, तिची भिंतीकडची फट भरून घ्या, आणि तिच्या पुढे सहा-सात इंचांची पट्टी लावून त्यावर उरलेले कापड चढवा. उदबत्तीने दाखवलेली वरची वाट अशी बंद होते. बाहेरच्या ४ इंचांच्या वळणाची कडा भिंतीवर वेल्क्रोच्या तीन तुकड्यांनी धरा. माझा अनुभव असा आहे की, पैसे किंवा वेळ कमी असेल तर फलालीन वगळलेली चालते, पण ही फळी आणि हे वळण वगळू नये.

टांगल्यावर चुण्या वरपासून खालपर्यंत हाताने नीट लावा आणि जुन्या साडीच्या मऊ पट्ट्यांनी तीन ठिकाणी सैल बांधून पडदे तीन-चार दिवस तसेच ठेवा. कापडाला वळण लागते आणि पुढे ते आपोआप त्याच घड्यांत जमते. खालची दुमड मी आधी कच्च्या टाक्यांनी धरते, पडदा आठवडाभर टांगून ठेवते, आणि कापड जेवढे उतरायचे तेवढे उतरल्यानंतरच ती पक्की करते.

धुण्याबद्दल. तिन्ही कापडे आधी आटवलेली असली तरी तीन थरांचा पडदा मशीनमध्ये घालू नये. भिजल्यावर त्याचे वजन इतके होते की सैल लॉक तुटतात. महिन्यातून एकदा ब्रशच्या व्हॅक्युमने वरून खाली धूळ काढा आणि दोन-तीन वर्षांनी ड्रायक्लीनला द्या, मात्र अस्तराला लेप असेल तर ते आधी सांगा. दर दिवाळीला सगळे पडदे घरीच धुवायचे असतील तर दुसरी पद्धत वापरा: दर्शनी पडदा एकेरी शिवा, फलालीन व अस्तर एकमेकांना धरून त्याचा वेगळा पडदा करा, त्याला हूक अडकवायची स्वतःची टेप लावा, आणि दोन्ही त्याच हुकांवर अडकवा. पडण्यात ही जोडी पहिलीइतकी देखणी नसते, पण ऊन जवळजवळ तितकेच अडवते, आणि पाऊस लागला की मागचा पडदा काढून ठेवता येतो. आपण धुण्याचा विचार आधीच केला आहे, म्हणून झोपण्याच्या खोलीसाठी मी आपल्याला हीच पद्धत सुचवीन. तिन्ही थर एकत्र जोडलेला पडदा बैठकीच्या खोलीसाठी ठेवा.

पावसाळा हा फलालीनचा खरा शत्रू आहे. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी साचून आत झिरपत असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण ओली झालेली फलालीन आतून वाळत नाही, तिला कुबट वास येतो आणि मग अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके उठतात. ते ठिपके नंतर निघत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात जोडलेले पडदे दिवसा पूर्ण बाजूला सारून खिडकी उघडी ठेवा, आणि काढून ठेवलेला मागचा पडदा प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती चादरीत गुंडाळून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. ऑक्टोबरात पश्चिमेचे ऊन पुन्हा खोलीत येऊ लागेल. त्याआधी एक दिवस तो पडदा अस्तराची बाजू वर करून उन्हात घाला, संध्याकाळी झटका आणि पुन्हा हुकांवर चढवा.